एक कोयता म्हणजे दोन माणसं : सामाजिक वर्ग काय असतो, हे जालना जिल्ह्यातून समजून घ्या

दिवाळीच्या आगेमागे जालना जिल्ह्यातल्या अनेक गावांमधून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. त्यात भांडीकुंडी असतात, ज्वारी-बाजरीची पोती, शेळ्या, लहान मुलं आणि कोयते. ही कुटुंबं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये.

या कामात मजूर मोजायची पद्धत वेगळी आहे. मुकादमाच्या वहीत माणसं मोजली जात नाहीत, 'कोयते' मोजले जातात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी. एकटा माणूस आला, तर तो 'अर्धा कोयता'.

सामाजिक वर्ग ही संकल्पना पुस्तकात अवघड वाटते. पण कोण कुठलं काम करतं, त्या कामाचा पैसा कोणाच्या हातात पडतो आणि कागदावर नाव कोणाचं लागतं, हे तीन प्रश्न विचारले की ती बरीच सोपी होते. जालना जिल्ह्यात या प्रश्नांची उत्तरं अगदी उघड दिसतात.

वर्ग म्हणजे नेमकं काय?

रोजच्या बोलण्यात आपण 'गरीब', 'मध्यमवर्गीय', 'श्रीमंत' असे शब्द वापरतो. त्यात फक्त कमाई मोजली जाते. समाजशास्त्रात वर्ग म्हणजे कमाईपेक्षा जास्त काही.

कार्ल मार्क्सने वर्ग ठरवला तो मालकीवरून. जमीन, यंत्रं, भांडवल कोणाकडे आहे आणि स्वतःची मेहनत विकण्याशिवाय दुसरा मार्ग कोणाकडे नाही, यावरून. मॅक्स वेबरने त्यात प्रतिष्ठा आणि सत्ता यांची भर घातली. फ्रेंच अभ्यासक पिएर बोर्द्यू यांनी दाखवलं की शिक्षण, ओळखीपाळखी, बोलण्याची ढब, आवडीनिवडी हेही एक प्रकारचं भांडवलच असतं आणि ते आईबापांकडून मुलांकडे जातं.

जालन्याची मोसंबी हे याचं चांगलं उदाहरण आहे. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मोसंबीची बाग लावल्यावर चांगलं उत्पन्न सुरू व्हायला चार-पाच वर्षं जातात. म्हणजे तेवढी वर्षं थांबण्याची ऐपत आणि खात्रीचं पाणी लागतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. ज्यांना टँकरचं पाणी विकत घेणं परवडलं, त्यांनी झाडं जगवली. बाकीच्यांच्या बागा वाळल्या, अनेकांनी झाडं तोडून सरपण केलं. आणि त्या बागांमध्ये रोजानं जाणाऱ्या मजुरांचा तर रोजगारच गेला.

पाऊस सगळ्यांनाच कमी पडला होता. पण एकाची बाग वाचली, दुसऱ्याची गेली आणि तिसऱ्याकडे वाचवायला बागच नव्हती. वर्ग म्हणजे हा फरक. संकट आल्यावर माणसाच्या हाताशी काय शिल्लक असतं, ते त्यावरून कळतं.

जालन्यात वर्गाची रचना कशी घडली?

'जालना, सोने का पालना' ही म्हण जुनी आहे. जालना ही निजामाच्या हैदराबाद संस्थानातली मोठी बाजारपेठ होती. कापूस, धान्य आणि सावकारी यांवर शहर वाढलं. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं आणि १९५० च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्यांना काही जमिनी मिळाल्या. पण ज्यांच्याकडे कूळ म्हणूनही जमीन नव्हती, त्यांच्यापर्यंत हा बदल फारसा पोहोचला नाही. मराठवाड्यात दलित आणि भटक्या समाजातल्या अनेक कुटुंबांनी गायरान जमिनी कसायला घेतल्या. त्या नावावर करून घेण्याचा झगडा अनेक ठिकाणी अजून संपलेला नाही.

१ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचा भाग घेऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज त्यात आठ तालुके आहेत : जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९ लाख ५९ हजार आणि त्यातले पाचांपैकी चार जण ग्रामीण भागात राहणारे.

या जिल्ह्यातून दोन मोठे उद्योग उभे राहिले. पहिला बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही कंपनी सुरू केली. पुढे इथे अनेक बियाणे कंपन्या आल्या. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दुसरा उद्योग पोलादाचा. भंगार वितळवून बांधकामाच्या सळया बनवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांमुळे जालना देशभर ओळखलं जातं.

म्हणजे एकाच जिल्ह्यात उद्योजक आहेत, व्यापारी आहेत, बागायतदार, कोरडवाहू शेतकरी, नोकरदार, परप्रांतातून आलेले भट्टीकामगार, शेतमजूर आणि ऊसतोड मजूरही आहेत. अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांत तर हे टोकाचं दिसतं. गोदाकाठ आणि जायकवाडीचा डावा कालवा जिथे पोहोचतो तिथे ऊस पिकतो, साखर कारखाने चालतात. जिथे पाणी पोहोचत नाही, त्या गावांमधली माणसं दुसऱ्याचा ऊस तोडायला शेकडो किलोमीटर जातात.

वर्ग आणि जात एकच आहेत का?

नाहीत. पण भारतात त्या एकमेकींपासून सहज सुट्याही करता येत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच म्हटलं होतं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. कोण कोणतं काम करणार आणि त्या कामाला किती मान मिळणार, हे ती जन्माआधीच ठरवते.

दुसरीकडे, एकाच जातीत अनेक वर्ग असतात. हे सगळ्या राज्याला दिसलं ते जालना जिल्ह्यातूनच. २९ ऑगस्ट २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटी गावात मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केलं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि आंदोलन राज्यभर पसरलं. पुढे जून २०२४ मध्ये जवळच्याच वडीगोद्री गावात लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून उपोषण केलं.

दोन्ही उपोषणांची भाषा जातीची होती. पण त्यामागे शेतीचं एक गणित आहे. कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. ज्या घराचा आजोबा बारा-पंधरा एकरांचा धनी होता, त्या घरातला नातू तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी आहे. घराण्याचा मान कागदावर तोच राहिला, वर्ग मात्र घसरला.

याच जातीत साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि आमदारकी हातात असलेली घराणीही आहेत. आणि ओबीसी, दलित, भटक्या समाजांतल्या अनेक कुटुंबांकडे वाटून घ्यायला तीन एकरही नव्हते. त्यामुळे सरकारी नोकरी आणि महाविद्यालयातली जागा ही दोन्ही बाजूंच्या तरुणांसाठी वर वर्गात जाण्याची जवळपास एकमेव शिडी उरते. शिडी एक आणि चढणारे खूप, म्हणून ताण वाढतो.

वर्ग काम कसं ठरवतो?

पुन्हा ऊसतोडीकडे येऊ. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम जोडीला आगाऊ रक्कम देतो. तिला 'उचल' म्हणतात. ती ५० हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत असू शकते. आजारपण, लग्न, घराची डागडुजी, जुनं कर्ज अशा कारणांसाठी ती घेतली जाते आणि बहुतेक वेळा गाव सोडण्याआधीच खर्च झालेली असते. मग हंगामभर काम करून ती फेडायची.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. प्रतिटन सुमारे २७३ रुपयांचा दर ३६६ रुपयांच्या आसपास गेला. आता हिशेब करू. समजा एका जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. एक लाखाची उचल फिटायला १३७ दिवस लागतील, एकही दिवस न चुकवता. हंगामच साधारण चार ते पाच महिन्यांचा असतो. म्हणजे हंगाम संपताना हातात जवळपास काहीच उरत नाही. कोणी आजारी पडलं, पाऊस आला किंवा कारखाना लवकर बंद झाला, तर 'बाकी' निघते आणि ती पुढच्या वर्षीच्या हिशेबात जाते. न आलेल्या दिवसाचा 'खाडा' धरून दंड कापला जातो, तो वेगळाच.

इथे मालकीचा मुद्दा स्पष्ट होतो. ऊस शेतकऱ्याचा, कारखाना सभासदांचा किंवा खासगी मालकाचा, वाहन वाहतूकदाराचं. मजुराचं स्वतःचं म्हणावं असं फक्त अंग आणि कोयता. त्याचा करार मुकादमाशी असल्यामुळे तो कारखान्याच्या कामगारांमध्ये मोजला जात नाही. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, पगारी सुट्टी, प्रसूती रजा हे शब्द त्याच्या कामात येतच नाहीत.

पोलादाच्या भट्ट्यांवरचं चित्र वेगळं आहे, पण नातं ओळखीचं आहे. तिथे बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडमधून आलेले पुरुष ठेकेदारामार्फत काम करतात. जालन्याचा मजूर सांगली-कोल्हापूरच्या उसात आणि बिहारचा मजूर जालन्याच्या भट्टीत. स्वतःच्या गावात मजुराला ओळख असते, उधारी मिळते, मतदानाचं वजन असतं. परमुलखात यातलं काहीच नसतं. मजूर दुरून आणण्यामागे हेही एक कारण असतं.

एकच शेत, तीन बाया

वर्ग बाईच्या आयुष्यात वेगळ्या रूपात येतो. जालना जिल्ह्यातलं कापसाचं एक शेत डोळ्यांसमोर आणा.

पहिली बाई बागायतदाराच्या घरातली. ती शेतात जात नाही. 'आमच्या बाया शेतात जात नाहीत' हे त्या घराच्या प्रतिष्ठेचं लक्षण मानलं जातं. पैसा वाढला की बाईला कष्टाच्या कामातून मुक्ती मिळते, पण तिचं बाहेर पडणंही कमी होतं.

दुसरी बाई अल्पभूधारक शेतकऱ्याची. ती पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं करते. पण काम 'घरचं' म्हणून त्याला मजुरी नाही आणि सातबारावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं.

तिसरी बाई मजूर. ती खुरपणी रोजानं करते, कापूस किलोवर वेचते. तिच्या हातात रोख पैसा येतो, पण तो पुरुषाच्या रोजापेक्षा कमी. नांगरणी-फवारणी 'गड्याचं काम' आणि खुरपणी-वेचणी 'बाईचं काम' अशी वाटणी आधीच झालेली असते. कमी मजुरीचं काम बाईचं म्हणून स्वस्त ठरतं.

तिघी शेतीवर जगतात, पण 'शेतकरी' म्हटलं की तिघींपैकी एकीचाही चेहरा डोळ्यांसमोर येत नाही.

बियाणे उद्योगातही हेच दिसतं. संकरित बियाणं तयार करताना एकेका फुलातले पुंकेसर हाताने काढून दुसऱ्या वाणाचे परागकण लावावे लागतात. शेतकरी याला 'क्रॉसिंग' म्हणतात. हे काम मोठ्या प्रमाणात बाया आणि मुली करतात. 'बायांची बोटं नाजूक असतात' असं कारण सांगितलं जातं. एरवी हेच कसब 'कुशल काम' म्हणून जास्त पैशाचं ठरलं असतं.

ऊसतोडीत बाईचं काम पुरुषाइतकंच आहे, वर घरकाम वेगळं. पहाटे तीन-चारला उठून कोपीपुढे चूल पेटवायची, भाकरी बांधून घ्यायच्या, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत न्यायच्या आणि परतल्यावर पुन्हा चूल. उचल मात्र पुरुषाच्या हातात दिली जाते. वहीत कोयता एक, नाव एक.

याची किंमत शरीर चुकवतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजार ८०० हून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, शौचालय नाही, पाणी नाही आणि खाड्याची भीती. अशा वेळी दुखणं 'कायमचं मिटवण्याचा' सल्ला बाईला सोपा वाटू लागतो. ही निवड तिने केली असं म्हणताना, तिच्यासमोर दुसरे पर्याय काय होते हेही पाहावं लागतं.

लग्न कधी आणि कोणाशी, हे कोण ठरवतं?

लग्न ही संस्कृतीची गोष्ट आहे असं आपण मानतो. पण जालन्यात लग्नाच्या वयावर वर्गाचा ठसा स्वच्छ दिसतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालं होतं. जालना जिल्ह्यात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होतं. ऊसतोड कुटुंबांमध्ये याचं एक कारण थेट कामाशी जोडलेलं आहे. पूर्ण उचल जोडीला मिळते, त्यामुळे लग्न झालं की मुलाचा 'पूर्ण कोयता' होतो. आईवडील सहा महिने बाहेर असताना वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचं, हा दुसरा प्रश्न. 'मुलगी लवकर उजवली' हे रूढीसारखं दिसतं, पण त्या रूढीला मजुरीच्या पद्धतीचा आधार आहे.

याच जिल्ह्यात उलटं चित्रही आहे. तीन-चार एकरांच्या शेतकरी घरातल्या तिशी ओलांडलेल्या मुलांची लग्नं ठरत नाहीत. मुलीला आणि तिच्या घरच्यांना नोकरीवाला मुलगा हवा असतो. ही व्यथा एकट्या जालन्याची नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी डोक्याला बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. समाजमाध्यमांवर त्याची चेष्टा झाली. पण मुली 'शेतकरी नको' म्हणतात तेव्हा त्या नवऱ्यापेक्षा वरच्या यादीतली दुसऱ्या बाईची जागा नाकारत असतात.

एका वर्गात काम मिळावं म्हणून लग्न लवकर होतं, दुसऱ्या वर्गात काम नाही म्हणून लग्न होत नाही.

बोलण्यातही वर्ग असतो

जालन्याचा तरुण स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येतो, पेठेतल्या अभ्यासिकेत जागा घेतो. गावात 'कामून' म्हणणारा मुलगा तिथे आठवड्याभरात 'का' म्हणायला शिकतो. त्याची बोली चुकीची नाही. पण मुलाखतीत, कार्यालयात, मालिकेत जी मराठी 'शुद्ध' ठरते, ती ठरवणारा वर्ग वेगळा आहे. मराठवाडी बोलणारं पात्र पडद्यावर बहुधा विनोदासाठी येतं, याचं कारणही तेच.

हेच कपड्यांचं, लग्नपत्रिकेचं, मुलांच्या शाळेचं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस गावात येऊ लागली की जिल्हा परिषदेच्या शाळेत कोण उरतं, यावरून गावातले वर्ग मोजता येतात. २०११ मध्ये जालना जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता ८१ टक्क्यांच्या आणि स्त्रियांची ६१ टक्क्यांच्या आसपास होती. शाळा एकच असली तरी घरातून कोणाला पाठवायचं हे ठरलेलं होतं.

वर्ग बदलता येतो का?

येतो, पण एकट्याच्या मेहनतीवर क्वचित. जिद्दीने अधिकारी झालेल्या मुलाची बातमी व्हायरल होते, कारण ती अपवाद असते. मेहनतीवरच वर्ग बदलत असता, तर ऊसतोडीची बाई केव्हाच वर गेली असती.

बदल घडवणाऱ्या गोष्टी बहुधा नोंदींशी जोडलेल्या असतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमातून बायकोच्या नावावर जमीन करण्याचं आवाहन केलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. तरीही भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून हक्कसोडपत्रावर सही करण्याची रीत चालूच आहे. समृद्धी महामार्ग जालन्यातून गेला, तेव्हा जमिनीचा मोबदला सातबारावरच्या नावांना मिळाला. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांच्याकडे विकायला काही नव्हतं.

ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे आणि त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना आहे. मुलगी गावाजवळच्या वसतिगृहात राहून दहावी-बारावी करू शकली, तर घरात कोयत्याची पुढची जोडी तयार होत नाही. म्हणून अशा योजनेचं मोल इमारतीपुरतं नाही.

याआधी महाराष्ट्राने एक वेगळा प्रयोग करूनही पाहिला आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या लाखो बाया खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला गेल्या. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम उन्हातलं होतं, मजुरी थोडी होती, तक्रारी खूप होत्या. पण मस्टरवर बाईचं नाव वेगळं लिहिलं जायचं आणि दर कामाला लागू होता, करणाऱ्याच्या लिंगाला नाही.

मुकादमाच्या वहीत आजही तिचं नाव नाही. दोन ओळींच्या जागी तिथे एकच ओळ आहे : एक कोयता.